ठिकाणाची विद्या : लेखांक ६ – चुकीचा ताळेबंद

उपग्रह आकाशातून काय सांगतात, एवढे विवरण करून गेल्या लेखांकात आपण थांबलो होतो. ते सांगणे जमिनीवर उतरल्यावर त्याचे काय होते हे पाहावे, म्हणून परवा सकाळी फोन हातात धरून मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभा राहिलो. डोक्यावर आकाश मोकळे होते; फोनने १८ अंश ३१ कला उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ५१ कला पूर्व रेखांश हा माझा पत्ता खालच्या विकलांसह बिनतक्रार दाखविला, आणि माझ्याभोवती काढलेले फिकट निळे वर्तुळ आकसत आकसत ठिपक्याएवढे झाले. तेथून घराकडे वळून, दोन्ही अंगांना चार-चार मजले चढलेल्या आमच्या पेठेतल्या बोळात शिरतो न शिरतो, तोच ते वर्तुळ फुगू लागले, ठिपका शेजारच्या वाड्याची कौले ओलांडून पलीकडच्या गल्लीत गेला, आणि मी स्वतःच्या उंबऱ्यावर चपला काढीत असताना फोनच्या हिशेबी एका सर्वस्वी अपरिचित कुटुंबाच्या माजघरात जाऊन बसलो होतो.

या प्रकाराला यंत्राची फजिती म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ठिपका चुकत असताना वर्तुळ मोठे होत होते, म्हणजे आपण किती चुकत असू याची कबुली ते यंत्र त्याच क्षणी देत होते, ही गोष्ट हसणाऱ्याच्या नजरेतून निसटते. सामान्य माणूस ठिपका पाहतो. विद्यापीठात ही विद्या शिकविणारा अध्यापक वर्तुळ पाहतो. आजच्या लेखांकाचा विषय ते वर्तुळच आहे.

ठिकाण सांगण्याची विद्या पुण्याला नवी नाही. आपल्या ज्योतिषग्रंथांची रीत अशी की, सपाट भूमीवर बारा अंगुळांचा शंकू उभा करावा, विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली मोजावी, आणि त्या सावलीला, म्हणजे पलभेला, त्या गावाच्या अक्षांशाचा दाखला मानावे. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी चार अंगुळे येते. ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने मार्चातील विषुवदिनी ओंकारेश्वराच्या घाटावर काडी रोवून बसावे. मात्र मध्यान्ह पुण्याच्या सूर्याची धरावी, आणि ती त्या दिवशी पाऊण वाजायला दोन-तीन मिनिटे कमी असताना येते, कारण आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावरील सूर्याला बांधलेली आहेत. आता एका अंगुळाचे यव आठ, आणि सावलीची कड तर नेहमीच पुसट असते. तेव्हा ती मोजताना एक यव कमी धरला गेला, तर गणिताने पुणे साठ किलोमीटर दक्षिणेस सरकते आणि जवळजवळ वाईच्या अक्षांशावर जाऊन बसते. रेखांशाची गोष्टही अशीच. उज्जयिनीच्या मध्यरेषेहून पुण्याची मध्यान्ह सुमारे एकोणीस पळे उशिरा होते. ती वेळ ठरविताना एका पळाची, म्हणजे चोवीस सेकंदांची, गफलत झाली की गाव साडेदहा किलोमीटर इकडे किंवा तिकडे होते. वेळ चुकली की ठिकाण चुकते, हे सूत्र वाचकांनी येथेच गाठीस बांधून ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारी करून पुढे पुण्यात गणित आणि ज्योतिष शिकविणारे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकमान्यांचे गुरू केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, ती याच जाणिवेतून. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांची गाठ पडत नाही, आणि अशा वेळी ग्रंथाची प्रतिष्ठा राखण्यापेक्षा वेध घेऊन फरक किती ते मांडणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, ही भूमिका त्या काळी लोकप्रिय होण्यासारखी नव्हती. पुण्यातील आजच्या भूमापनशास्त्राच्या अध्यापकांना पूर्वज शोधायचाच असेल तर तो केरूनानांत शोधावा, असे मला वाटते.

त्याच शतकात जमाबंदीच्या दप्तरातून दुसरी एक परंपरा वाहत होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात बसविलेल्या महसुली मोजणीची घडी पुढे मुंबई इलाख्याचा शिरस्ता झाली. या इलाख्यातली मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर. सातबाऱ्यावर आपण आजही जो गुंठा वाचतो, तो त्या लोखंडी साखळीचा वर्ग आहे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक. आण्यापर्यंत मोजून टिप्पण लिहिणाऱ्या मोजणीदाराला त्याखालची चूक ठाऊकच नव्हती, आणि कड्या झिजून साखळी वाढली तर तीही त्याच्या टिप्पणात निमूटपणे जाऊन बसे. बांधावरचे कितीतरी दावे त्या दोन फुटांतून उगवले असतील.

साखळीच्या वर, साऱ्या देशावर त्रिकोणांचे जाळे पसरण्याचे काम सर्वेक्षक लॅम्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिले. तो १८२३ साली वर्धेकडील हिंगणघाटास वारला आणि त्याची कबर तेथेच आहे. त्याचा वारस एव्हरेस्ट. याने पृथ्वीचा जो आकार गणितासाठी १८३० साली ठरविला, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ बेतले गेले. उपग्रह मात्र निराळ्या आकाराची पृथ्वी धरून हिशेब करतात. परिणामी एकाच दगडाला दोन अक्षांश आणि दोन रेखांश प्राप्त होतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात.

याचा पुण्यापुरता अर्थ काय, हे पाहण्यासाठी जुन्या मालेतील ४७ एफ/१४ हा स्थलदर्शक नकाशा उलगडावा. प्रमाण पन्नास हजारास एक. खालची कड साडेअठरा अंशांची. तिच्यापासून सुमारे चार सेंटिमीटर वर आमची शनिवार पेठ. ओंकारेश्वराच्या पायरीवर उभे राहून फोनने दिलेले आकडे या नकाशावर जसेच्या तसे मांडले, तर खूण दोन-अडीच मिलिमीटर वायव्येकडे सरकते. कागदावर एवढा फरक पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जाईल. जमिनीवर तो शंभर मीटरांहून अधिक होतो, आणि ओंकारेश्वराच्या वायव्येस मुठेचे पात्र असल्यामुळे गणिताने आपण देवळाच्या पायरीवरून थेट नदीत उतरतो. पायरी ढळलेली नसते आणि फोनही खोटे बोललेला नसतो. दोघांनी पृथ्वी वेगवेगळी धरली, एवढेच.

नव्या पुलावरून नदी ओलांडून गणेशखिंडीच्या वाटेला लागले की, १९४९ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचा भूगोल विभाग लागतो. तेथे प्रा. के. आर. दीक्षित यांनी पर्जन्य, मृदा, पिके, वस्ती असे एकेक अंग सुटे करून महाराष्ट्र नकाशांतून मांडण्याचे काम केले, आणि त्यांचा ‘महाराष्ट्र इन मॅप्स’ हा ग्रंथ १९८६ साली निघाला. एकाच भूमीचे असे सुटे थर एकावर एक ठेवून त्यांना प्रश्न विचारण्याची जी सोय संगणकाने केली, तिला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. हा विषय आज त्या विभागात शिकविला जातो, सिंबायोसिसची याच विषयाला वाहिलेली संस्था २००४ पासून पुण्यात आहे, आणि मुंबईच्या आयआयटीतील साधनसंपत्ती अभियांत्रिकी केंद्राने तर ‘ग्रॅम प्लस प्लस’ नावाची स्वदेशी प्रणालीच घडविली. संगणकाला थर रचण्यास सांगितले की तो रचतो. परंतु गल्ल्यांचा थर एका पृथ्वीवरचा, सिटी सर्वेचा दुसऱ्या, आणि पूररेषेचा तिसऱ्याच कागदावरून उचललेला, अशी गत असली तर तो हूं की चूं न करता वाडा नदीत नेऊन ठेवतो. विद्यार्थ्याला कळफलक शिकविण्यास चार दिवस पुरतात. थर रचण्यापूर्वी प्रत्येकाचे कूळ विचारण्याची सवय लावण्यास दोन वर्षेही कधी कधी अपुरी पडतात.

आता गाठीस बांधलेले सूत्र सोडू. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात. संदेश पोहोचण्यास किती काळ लागला यावरून अंतर निघते. आणि जागेचे तीन अज्ञात अंक व आपल्या फोनच्या साध्या घड्याळाची चूक हा चौथा, असे चार अज्ञात सोडविण्यासाठी निदान चार उपग्रह लागतात. आपल्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. तिचेही मर्म हेच. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. म्हणून जेथे जुन्या ज्योतिष्याला पळाची चिंता होती, तेथे आजच्या संशोधकाला नॅनोसेकंदाची आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार वरची घड्याळे खालच्यांहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात अकरा किलोमीटरांची चूक शिरेल. एवढे सारे सांभाळून आलेला संदेश शेवटी शनिवार पेठेच्या बोळात येतो, समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटतो आणि काही मीटरांचा वळसा घेऊन फोनात शिरतो. फोनला तो वळसा अंतरच वाटतो. म्हणून मी परक्या माजघरात.

उंचीचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. उपग्रहांच्या हिशेबाची उंची त्या गणिती पृथ्वीपासून मोजलेली असते. पाणी ती पृथ्वी जाणत नाही, ते गुरुत्वाकर्षणाच्या आज्ञेने सपाट होते. भारताच्या दक्षिणेस गुरुत्वाचा पृष्ठभाग असा खोल दबलेला आहे की पुण्यात या दोन उंचींमध्ये सुमारे साठ मीटरांचा फरक पडतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासला गेले, तेव्हा मुठेचे पाणी या पेठेत शिरले होते. ते कोठवर चढले हे जुनी माणसे आजही जिन्याच्या पायरीवर बोट ठेवून सांगतात. निळी आणि लाल पूररेषा आखताना काम पडते ते पाणी जाणते त्या उंचीचे, आणि तेथे मीटराची चूक म्हणजे एक अख्खी आळी पाण्याच्या आत की बाहेर, असा सवाल असतो. समुद्रसपाटीशी जोडलेल्या तलचिन्हापासून पायरीपायरीने उंची वाहून आणण्याची जुनी रीत अध्यापक अजून विद्यार्थ्यांना उन्हात उभे करून त्यांच्याकडून करवून घेतात, ते परंपरेच्या प्रेमापोटी नव्हे. आकाशातून मिळालेल्या उंचीला जमिनीवरचा साक्षीदार हवा असतो, म्हणून.

यव, पळ, आणा, मिलिमीटर, नॅनोसेकंद: दोनशे वर्षांत मापे बारीक होत गेली आणि चुकीचे वर्तुळ साठ किलोमीटरांवरून काही मीटरांवर आले; जेथे सर्वेक्षण विभागाची उपग्रहसंदेश टिपणारी कायम केंद्रे आणि मोजणीदाराचा रोव्हर, म्हणजे बांधावर नेण्याचा उपग्रहग्राही, यांची जोड मिळते, तेथे ते काही सेंटिमीटरांवर आले. ते शून्यावर मात्र आले नाही आणि येणारही नाही. म्हणून ज्या नकाशावर चूक लिहिलेली नाही तो नकाशा अपुरा, असा या विद्येचा निवाडा आहे.

वाचकांना विनंती एवढीच की, घराचा, शेताचा किंवा पूररेषेचा नकाशा हाती आला म्हणजे आपला ठिपका शोधण्याआधी समासात पाहावे: मोजणी कोणत्या साली झाली, कोणता आधार धरून झाली, आणि किती मीटर इकडेतिकडे गृहीत आहे. समास कोरा असेल तर देणाऱ्याला तोंडी विचारावे आणि उत्तर नकाशावर लिहून घ्यावे. मोजणीदाराच्या रोव्हरचा आणि त्याने बांधावरच्या तंट्यात घातलेल्या नव्या भरीचा विचार पुढील लेखांकात करू.