वाळूतलं अंगण: लॉन गेलं, पण विहीर वाचली

(आजच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा झाडांची नावं पुन्हा शोधायची आहेत, त्यांच्यासाठी.)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला होता. "गावच्या घरासमोर नुसती वाळू आहे, काहीच जगत नाही, काय लावू?" खरं सांगू? हा प्रश्न आमच्याच घरचा आहे. त्यामुळे आज पुस्तकी कमी आणि घरचं जास्त बोलणार आहे.

आई-बाबा रिटायर झाल्यावर मुंबई सोडून मालवण तालुक्यात गावी राहायला गेले. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. समोर साधारण एक गुंठा मोकळी जागा, सगळी वाळूची. बाबांचं एक स्वप्न होतं: घरासमोर हिरवंगार लॉन. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे, "असं करायचंय." केलंही. पहिलं वर्ष मस्त गेलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आई फोनवर म्हणाली, "अरे, डाळ शिजत नाही नीट, आणि चहाला चव कसली तरीच येतेय." विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं.

शेजारची आजी विहिरीत डोकावली आणि एवढंच म्हणाली, "पाणी सरला नाय, गोडा पाणी सरला."

या एका वाक्यात सगळं आलं. कसं ते बघू.

विहिरीखाली समुद्र असतो

किनाऱ्याजवळच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खारट पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी हलकं, समुद्राचं थोडं जड. या दोघांच्या वजनातल्या फरकावरून एक ढोबळ हिशेब निघतो. भूजलाचं शिक्षण घेणाऱ्यांना तो घायबेन-हर्झबर्ग या नावाने शिकवतात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं.

ऐकायला भारी वाटतं ना? पण हाच हिशेब उलटाही चालतो. पंप लावून वरची पातळी १ फुटाने कमी केली, तर खालून खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू शकतं. विहिरीत पाणी दिसत असतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. आणि एके दिवशी डाळ शिजत नाही.

आता लॉनचा हिशेब. कडक उन्हाळ्यात गवताला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. झाले रोजचे ५०० लिटर. फेब्रुवारी ते मे, शंभर दिवस धरले तर ५०,००० लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर! आणि तेही नेमके त्या महिन्यांत, जेव्हा विहिरीत वरून एक थेंब पडत नाही.

वाळू म्हणजे नक्की काय अडचण?

गंमत बघा. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मग "दुष्काळात टिकणारी झाडं" हा विषय कोकणात कशाला? कारण तो जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने वाळू कोरडी.

वाळूचा कण मोठा असतो. ०.०५ ते २ मिलिमीटर. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. मोठ्या कणांमध्ये मोठ्या फटी, त्यातून पाणी सरळ खाली. एक मीटर खोल वाळू झाडाला वापरता येईल असं पाणी धरते साधारण २५ ते १०० मिलिमीटर. तेवढीच चिकणमाती धरते १७५ ते २५०. म्हणजे वाळू ही छोटी टाकी आहे. कितीही ओता, जास्तीचं वाहून जाणार. जाताना खतही घेऊन जाणार.

पण वाळूचा एक मोठा फायदा आहे, जो आपण विसरतो. ती तुंबत नाही. मुळांना हवा मिळते, आणि ती खोल जाऊ शकतात. कोकणातल्या धो-धो पावसात कोरफड किंवा चाफा कुजत नाही, त्याचं श्रेय वाळूला.

तुमची माती कशी आहे हे बघायचं असेल तर एक सोपी टेस्ट. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाला बसते ती वाळू. पुढच्या काही तासांत बसते ती गाळाची माती. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. आमच्या बाटलीत मिनिटभरात जवळपास सगळं तळाला!

झाडं कशी तग धरतात?

हे समजलं की नर्सरीत जाऊन नावं पाठ करायची गरज उरत नाही. झाडाकडे बघूनच अंदाज येतो.

काही झाडं पाणी साठवतात. कोरफड हे उत्तम उदाहरण. तिची पानं जाड, मेणचट. शिवाय ती पानांवरची रंध्रं दिवसा मिटून ठेवते आणि रात्री उघडते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही.

काही पानंच टाकून देतात. चाफा उन्हाळ्याआधी बोडका होतो. लोकांना वाटतं वाळला. वाळलेला नसतो, तो खर्च कमी करतोय!

काही मुळं लांब पाठवतात. काजू, उंडी, करंज ही त्यातली मंडळी. आणि काहींची पानं जाड, चिवट किंवा लव असलेली असतात, त्यामुळे वारा आणि खारे तुषार सोसतात.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करतो. "दुष्काळात टिकणारं" याचा अर्थ "लावल्यापासून पाणी नको" असा नाही. मुळं खोल जाईपर्यंत, म्हणजे निदान पहिला उन्हाळा, शक्यतो दोन, पाणी द्यावंच लागतं. बरीच झाडं इथेच मरतात आणि बिचाऱ्या वाळूचं नाव बदनाम होतं.

तीन पट्ट्यांचं अंगण

अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये यासाठी झेरिस्केप असा शब्द काढला. ग्रीकमध्ये झेरोस म्हणजे कोरडं. त्यातली मुख्य कल्पना सोपी आहे: सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावा. आम्ही तीच कल्पना आमच्या अंगणाला लावली.

पहिला पट्टा घराला लागून, ओला. न्हाणीघराचं पाणी जिथे जातं तिथे केळ, अळू आणि माड. कोकणात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आपण त्याला आता ग्रे वॉटर म्हणतो. तुळस, जास्वंद, कढीपत्ता हेही जवळच, कारण हात धुताना तांब्याभर पाणी सहज पडतं.

दुसरा पट्टा मधला, आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी. अबोली, गवती चहा, शेवगा, सदाफुली, अडुळसा. शेवग्याला वाळू आवडते, मुळाशी पाणी साचलेलं मात्र आवडत नाही.

तिसरा पट्टा कुंपणाकडचा, कोरडा. उंडी, भेंड, करंज, निर्गुडी, काजू, करवंद, चाफा, कोरफड. ही झाडं एकदा मूळ धरली की जवळजवळ आपली आपण जगतात. समुद्राच्या बाजूला सगळ्यात पुढे मर्यादवेल. बीचवर जांभळ्या फुलांची पसरलेली वेल पाहिली असेल ना, तीच. ती वाळू धरून ठेवते. लॉनसारखी मऊ नाही, त्यावर लोळता येणार नाही, पण हिरवी राहते. उंडी आणि करंज मोठे होतात, म्हणून घराच्या भिंतीपासून आणि विहिरीपासून लांब लावा.

आता सावधगिरी. कण्हेर पाण्याशिवाय मस्त फुलते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात रांगणारं बाळ किंवा दारात गुरं असतील तर नको. घाणेरी आणि वेडी बाभूळ "काहीही न करता वाढतात" म्हणून लावू नका. त्या तुमच्या कुंपणात थांबत नाहीत, रानात पसरतात आणि तिथल्या झाडांना जागाच ठेवत नाहीत. आणि फक्त कमी पाणी बघून वाळवंटातलं निवडुंग आणाल, तर ते उन्हाळ्यात जगेल आणि जुलैत कुजेल. कोकणात झाडाला दोन्ही परीक्षा पास व्हाव्या लागतात: मे आणि जुलै.

लावायचं कसं?

बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे लाल मातीचा ट्रक मागवून वाळूवर थर पसरणं. आम्हीही केली. होतं काय, की पाणी वरच्या बारीक मातीतच अडकतं आणि मुळंही वरच्या वरच राहतात. उन्हाळ्यात तो थर तापला की झाड गेलं. माती वर पसरू नका, खड्ड्यात मिसळा.

मोठ्या झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा. तळाला नारळाची सोडणं, पोकळ बाजू वर करून. ती स्पंजसारखी पाणी धरतात आणि काही वर्षं टिकतात. नारळ बागायतीत ही जुनी पद्धत आहे. वर वाळू, थोडी लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत एकत्र करून भरायचं. खत एकदम घालू नका. पहिल्या मोठ्या पावसातच वाहून जाईल. थोडं लावताना, थोडं पाऊस ओसरल्यावर.

लावायची वेळ म्हणजे पावसाळा. पहिल्या जोरदार सरी होऊन गेल्या की रोप लावा, काठीचा आधार द्या. तीन-चार महिने फुकट पाणी मिळतं, मुळं खाली जातात.

ऑक्टोबरमध्ये आच्छादन. वाळलेला पालापाचोळा, झावळ्यांचे तुकडे, सोडणं, जे असेल त्याचा दोन-तीन इंचांचा थर. खोडाला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर खोड कुजतं आणि वाळवीलाही आमंत्रण मिळतं. कोकणात पाला जाळण्याची सवय आहे. आमच्याकडे आता पाला जाळणं बंद. आई म्हणते, "तो कचरा नाही, ती झाडाची चादर."

पाणी देताना लक्षात ठेवा, वाळूत ठिबकचं पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. म्हणून ड्रीपर रोपाच्या अगदी जवळ हवा. ठिबक परवडत नसेल तर मातीचं मडकं, न रंगवलेलं. गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, पाणी भरा, तोंडावर झाकण ठेवा. मडकं झिरपत राहतं आणि मुळं आपोआप त्याच्याकडे वळतात. चार दिवस गावी नसलात तरी झाड जगतं. झाकण विसरू नका, नाहीतर डासांची शाळा भरेल.

आणि बाबांचं लॉन?

खरं भांडण इथे होतं. बाबा म्हणाले, "मग समोर काय, नुसती वाळू ठेवायची? पेव्हर टाकून घेऊ." पण पेव्हरचा पक्का थर म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरायची वाटच कमी करणं. वर ओतायचंही नाही आणि खाली जाऊही द्यायचं नाही, मग विहिरीने करायचं काय?

मार्ग आजीने दाखवला. तिच्या लहानपणी घरासमोर लॉन नव्हतं, खळं होतं. पावसाळा संपला की माती चोपून, शेणाने सारवून केलेलं मोकळं अंगण. उन्हाळ्यात त्यावर झापांचा माटव. मध्ये तुळस, कडेला अबोली. पाणी जवळजवळ शून्य, आणि संध्याकाळी बसायला घरातली सगळ्यात थंड जागा. आपल्या लोकांना झेरिस्केप हा शब्द माहीत नव्हता, काम माहीत होतं.

आता घरासमोर खळं आहे आणि भोवती तीन पट्टे. शिवाय छपराचं पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंय. हिशेब करा: १,००० चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास पावणेतीन लाख लिटर. सगळं काही आपल्यासाठी थांबत नाही, बरंच समुद्राकडे जातं. पण काही थांबलं तरी मे महिन्यात फरक पडतो.

पाणी एका वर्षात गोड झालं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या मेमध्ये मचूळ होतंच, फक्त आधीच्या वर्षापेक्षा उशिरा झालं. गेल्या मेमध्ये आईने फोनवर डाळीचा विषय काढला नाही. मीच विचारलं. म्हणाली, "शिजते की! काय झालं?"

बाबांनी लॉनचा एक तुकडा ठेवलाय, बरं का. चटईएवढा. सकाळचा चहा तिथेच घेतात. रोजच्या बादलीभर पाण्यात तो हिरवा राहतो. एवढं तर चालतंच.

तुमचं अंगण सोलापूरच्या मुरमाड जमिनीत असेल, तर झाडांची नावं बदलतील. उंडीऐवजी बोर, सीताफळ, आवळा येईल. रीत तीच: आधी माती बघा, मग पाणी मोजा, मग झाड निवडा. आपण नेहमी उलटं करतो, आधी फोटो बघतो.

तर मंडळी, आज रात्री बाटलीची टेस्ट करून बघा आणि फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्यापैकी काहींच्या बाटल्यांवर बोलू. तोपर्यंत पाला जाळू नका!