विहिरीवरची ती दुपार

पंडिता रमाबाईंनी धर्मांतर का केलं, हा वाद महाराष्ट्रात अजून मिटलेला नाही. बहुतेक वेळा तो पुण्यातल्या जुन्या वृत्तपत्रांचे अग्रलेख पुढ्यात घेऊन घातला जातो. खुद्द बाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्ष वाचायची तसदी मात्र फारसं कोणी घेत नाही. 'साक्ष' हा मराठी ख्रिस्ती मंडळींचा घरगुती शब्द. देवाने आपल्याला कसं सांभाळलं ते चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष देणं. रमाबाईंच्या साक्षीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एका विहिरीची गोष्ट.

त्याआधी बाईंच्या वाट्याला काय आलं होतं ते पाहू. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष पत्करलेला माणूस. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारं हे कुटुंब १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं भावंडं पायी भटकत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांनाही नेलं. बाईंचं वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मनोरमा. नेम, उपास, तीर्थस्नानं लहानपणापासून करून झाली होती.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. कान अधू होत चालल्यामुळे ते शिक्षण राहिलं ते राहिलंच. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला. वाँटेजच्या ज्या सिस्टरांकडे बाई उतरल्या होत्या, त्यांचा लंडनजवळ फुलहॅमला एक आश्रम होता. समाजाने ज्यांना 'वाया गेलेल्या' म्हणून दार लावलं, अशा बायका तिथे राहत. सिस्टर त्यांची आजारपणं काढत, त्यांना पुन्हा उभं करत. अशा बायकांशी कोणी मायेने वागतं, हे बाईंना नवीन होतं. यांची एवढी काळजी का घेता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

भर दुपार. प्रवासाने दमलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला तोंड लावत नसे; आणि ही तर पाच नवरे झालेली, सहाव्याशी लग्नाशिवाय राहणारी. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. पाणवठ्यावरचा विटाळ काय असतो हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. ज्या देशात महाडच्या तळ्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे ही गोष्ट दृष्टांत वाटतच नाही, कालची बातमी वाटते. बाईंनी ती ऐकली ती अशा कानांनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

विहिरीवर पाणी मागणाऱ्या या येशूला मराठी बायबलात लोकांचा 'कळवळा' येतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून बनलं आहे. नाईन गावच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा दिसते तेव्हा तेच क्रियापद येतं. उधळ्या पोराला लांबून येताना पाहून बाप धावत सुटतो, तिथेही तेच. करुणेसाठीच्या हिब्रू शब्दाचं नातं तर गर्भाशयाशी आहे. पोटात तुटणं, आतडं पिळवटणं, पोटची माया असं सहज बोलणाऱ्या भाषेत हा देव परका राहत नाही. तुकोबांच्या अभंगांमुळे 'कळवळा' हा शब्द तर आपल्या घरातलाच.

पण देवाला कळवळा आहे म्हणजे माणसाने दुःख गिळून हसावं, असं बायबल म्हणत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ईयोब राखेत बसून देवाशी भांडतो आणि देव अखेर त्याच्या शहाण्या मित्रांवर रागावतो, त्याच्यावर नाही. मयताच्या घरी जाऊन 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्यांनी ईयोबाचं पुस्तक एकदा वाचावं.

रमाबाईंनाही शांती लगेच लाभली नाही. धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी आपली आठ वर्षं गेल्याची कबुली त्यांनीच दिली आहे. ती तळमळ शमली १८९१ च्या सुमारास. त्यानंतरची वर्षं काही सुखाची नव्हती. १८९३ मध्ये, भारतात परतून बाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेवर धर्मांतराचे आरोप झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा, ज्या भुकेने आपले आईबाप खाल्ले ती ओळखून बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला त्यांनी घेतलेल्या जमिनीवर या मुलींसाठी 'मुक्ती' हा आश्रम उभा राहिला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारावर गेली. फुलहॅममध्ये पाहिलं तसंच घर इथेही झालं, त्याचं नाव 'कृपा सदन'. आपल्याला लाभलेलं सांत्वन दुसऱ्याच्या दुःखात वापरायचं असतं, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं; बाईंनी त्याच्या खोल्या बांधल्या, विहिरी खणल्या.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं भाषांतर हाती घेतलं. 'मुक्ती'तल्या साध्या बायकांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. काम चालू असतानाच, १९२१ च्या जुलैत, चाळिशीची मनोरमा गेली. बाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. 'मुक्ती'च्या छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींच्या हातून छापलेलं ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.