कोरे जुने घड्याळ : मनगटावर की कपाटात?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांच्या लोखंडी कपाटात आजही एखादे किल्लीचे मनगटी घड्याळ सापडते आणि त्याच्या तबकडीवर बहुधा एचएमटी ही अक्षरे असतात. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली स्थापन झाली, १९६१ मध्ये तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि पुढील दोन-अडीच दशकांत जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे मराठवाड्यातही लग्नातल्या मानापानापासून सेवानिवृत्तीच्या समारंभापर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागली. नंतर बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांनी बाजार व्यापला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता जी घड्याळे उरली आहेत त्यांतली बहुतेक भरपूर वापरलेली आहेत; परंतु क्वचित एखादे असे निघते, की ते भेट मिळाल्यापासून मनगटावर चढलेलेच नसते, काचेवर ओरखडा नसतो, मागच्या झाकणावरील अक्षरे जशीच्या तशी उठावदार असतात आणि डबी, हमीपत्र व दुकानाची पावतीही सोबत असते. असे घड्याळ वापरावे की ठेवून द्यावे, हा प्रश्न वारसांपुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर घड्याळ कशाचे बनले आहे, हे पाहिल्याशिवाय देता येत नाही.

यांत्रिक घड्याळात गुंडाळलेली पोलादी कमान उलगडताना दंतचक्रांना बळ देते आणि ते बळ थोडे थोडे सोडण्याचे काम बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारे एक नाजूक चक्र, करते. जनता घड्याळातील बॅलन्स तासाला १८,००० झोके घेतो, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. एवढी घासणी सोसण्यासाठी मुख्य टेकूंच्या ठिकाणी कृत्रिम माणकाचे खडे बसवलेले असतात आणि तबकडीवरील ‘१७ ज्युवेल्स’ हा उल्लेख त्यांचाच असतो. खडा आणि आस यांच्यामध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब लागतो. घड्याळ चालो वा न चालो, हे तेल वर्षांगणिक सुकते, चिकट होते किंवा जागेवरून पसरून जाते. त्यामुळे चाळीस वर्षे डबीत राहिलेले घड्याळ बाहेरून कोरे असले तरी आतून निर्दोष असेलच असे नाही आणि कौतुकाने किल्ली देऊन ते दिवसभर चालवल्यास कोरड्या आसा झिजतात. घडीसाजाकडून ते पूर्ण उघडून, धुऊन, नवे तेल घालून घेणे ही पहिली पायरी असते, मग ते वापरायचे असो वा जपायचे.

खरा धोका मात्र बाहेरच्या कवचाला असतो. जनतासारख्या स्वस्त घड्याळांची चौकट पितळेसारख्या साध्या धातूची असून तिच्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा दिलेला असतो, आणि फक्त मागचे झाकण न गंजणाऱ्या पोलादाचे असते. घामातील क्षार या मुलाम्याखाली शिरले, की प्रथम पट्ट्याच्या कानांजवळ बारीक पुरळ उठते, पुढे पापुद्रे सुटतात आणि पिवळा धातू उघडा पडतो. ही हानी परत भरून येत नाही, कारण नव्याने मुलामा द्यायचा तर आधी मूळ पृष्ठभाग घासावा लागतो. ज्या प्रदेशात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ किल्लीच्या फटीपर्यंत पोहोचते, तेथे रोजच्या वापराने अशा घड्याळाचे कोरेपण एक-दोन उन्हाळ्यांतच संपू शकते. पूर्ण पोलादी चौकटीचे घड्याळ यापेक्षा पुष्कळ सोशिक असते आणि प्लॅस्टिकच्या काचेवरील किरकोळ ओरखडे तर पॉलिशने निघतातही.

घड्याळ चमकवून घेण्याचा मोह वापरापेक्षाही घातक ठरतो. चौकट घासली की कडांची धार जाते, आणि तबकडी पुन्हा रंगवली की मूळ छपाई कायमची नाहीशी होते. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा मोठा व्यवसाय आहे आणि त्यातून येणारी भडक रंगांची एचएमटी घड्याळे इंटरनेटवर सर्रास ‘नवी’ म्हणून विकली जातात. म्हणूनच अस्पर्शित घड्याळाला पुराव्याचे मोल असते: कारखान्यातून माल नेमका कसा बाहेर पडत होता, हे अशा मोजक्या नगांवरूनच पडताळता येते. दुसरीकडे, वापराने मोल नेहमीच घटते असेही नाही. अभिनेता पॉल न्यूमन याने वर्षानुवर्षे वापरलेले रोलेक्स २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे पावणेदोन कोटी डॉलरला विकले गेले. तेथे किंमत कोरेपणाला नव्हे, मनगटाला मिळाली.

नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीतील सालारजंग संग्रहालयाचे उदाहरण येथे आठवावे असे आहे. तेथील कुक अँड केल्व्ही कंपनीचे प्रसिद्ध घड्याळ केवळ मांडून ठेवलेले नाही; दर तासाला त्यातली दाढीवाली आकृती बाहेर येऊन टोले देते आणि ते पाहायला माणसे आधीपासून दाटीवाटीने बसतात. जपणूक आणि चालू ठेवणे यांत विरोध नाही, हे त्यावरून दिसते. लातूरकरांना जपणुकीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसरातील दगड-मातीची घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर पिढ्यांच्या वस्तू आणि कागदही ढिगाऱ्यात गेले.

तेव्हा निर्णय असा करावा. आधीच वापरलेले घरातले घड्याळ दुरुस्त करून निःसंकोच मनगटावर बांधावे, कारण त्याच्या खुणा हाच त्याचा इतिहास आहे. मुलाम्याचे, पूर्ण कोरे आणि कागदपत्रांसह असलेले घड्याळ रोज वापरू नये; कार्तिक ते माघ या कोरड्या, थंड महिन्यांत लग्नकार्याला काही तास घालून मऊ कापडाने पुसून ठेवावे. स्विस बनावटीच्या फार जुन्या घड्याळातील अंधारात चमकणारे काटे रेडियमचे असू शकतात आणि रेडियम अर्धे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात, म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये. पत्र्याच्या खोलीतील तापणारे कपाट, डांबरगोळ्या आणि मोबाईलच्या स्पीकरमधील चुंबक यांपासून प्रत्येक जुने घड्याळ दूर ठेवावे.

दिवाळीच्या साफसफाईत असे घड्याळ हाती लागले, तर वाचकांनी त्याची डबी आणि पावती फेकू नये. ते कोणाला, कधी आणि कशाबद्दल मिळाले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद त्याच डबीत ठेवावा.