तारेच्या शेवटच्या टोकाचे वीजनियोजन

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणून, तिथल्या कॉफीच्या मळ्यांमुळे आणि १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने सर केलेल्या गाविलगड किल्ल्यामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु देशाच्या वीजव्यवस्थेची मांडणी ज्यांना समजून घ्यावयाची आहे, त्यांनीही एकवार या तालुक्याकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. घाट उतरून मैदानी वऱ्हाडात आले की अकोल्याच्या परिसरातून ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या पूर्व विदर्भातली वीज घेऊन पश्चिमेकडे गेलेल्या दिसतात. बाळापूर तालुक्यात पारस येथे सरकारी औष्णिक केंद्र उभे आहे, अमरावतीलगत नांदगावपेठ येथे खाजगी कंपनीचे १३५० मेगावॅटचे केंद्र आहे. आणि याच मुलखाच्या उत्तर सरहद्दीवर, मेळघाटच्या अरण्यातल्या कोरकू गावांत, पावसाळ्यात एखादे सागाचे झाड तारेवर कोसळले की ‘लाइन गेली’ एवढाच उद्गार निघतो आणि ती केव्हा येईल हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. निर्मितीचे वैभव आणि शेवटच्या डीपीवरचे दारिद्र्य ही शेजारी शेजारी नांदावीत हा केवळ योगायोग नव्हे. वीजक्षेत्राची योजना आपण ज्या टोकाकडून करीत आलो, त्याचा तो परिणाम आहे.

वीज हा मोठा चमत्कारिक जिन्नस आहे. गहू कोठारात भरावा, तेल पिंपात साठवावे, तशी ती मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे आजवर जवळजवळ अशक्य होते, आणि आजही ते फार खर्चाचे आहे. दर्यापूरचा शेतकरी पंपाचे बटण दाबतो त्याच क्षणी चंद्रपुरात, कोयनेत अथवा आणखी कोठे तरी तेवढी निर्मिती वाढवावी लागते. ती वाढली नाही तर सेकंदाला पन्नास आवर्तनांची जी गती साऱ्या देशातली यंत्रे एकमेकांशी बांधून ठेवते, ती घसरू लागते, आणि घसरण हाताबाहेर गेली की ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात झाला तसा अंधार होतो. म्हणून नियोजनकाराला वर्षाची एकूण मागणी ठाऊक असून भागत नाही. ती दिवसाच्या कोणत्या प्रहराला, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या गावी उद्भवणार, याचाही अदमास त्याला घ्यावा लागतो. त्याची अवस्था लग्नघरच्या आचाऱ्यासारखी असते: पाहुणे किती हे नक्की नाही, ते एकदम येणार की तुकड्यातुकड्यांनी हे माहीत नाही, आणि केलेला स्वयंपाक मात्र तत्क्षणी वाढलाच पाहिजे. त्यातही भर अशी की चूल मांडायलाच पाच-सात वर्षे लागतात. आज दरखास्त मंजूर झालेले औष्णिक केंद्र ज्या मागणीसाठी उभे राहायचे, ती मागणी अद्याप जन्मालाही आलेली नसते.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची स्थापित क्षमता १३६२ मेगावॅट होती, म्हणजे एकट्या नांदगावपेठच्या केंद्राएवढी. २०२४ च्या मे महिन्यात देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॅटच्या घरात पोचली. या वाढीचा पाया कोणी घातला हे सांगताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरणसमितीपुढे औद्योगिकीकरणासाठी स्वस्त आणि विपुल विजेची आवश्यकता मांडली होती. पुढे १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती विद्युत् मंडळांची तजवीज केली. वऱ्हाडाच्या वाट्याला मात्र या काळात सरकारे बदलण्याचाच योग अधिक आला: आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत खाजगी परवानेदार कंपन्या दिवे पुरवीत होत्या. खेड्यांचा प्रश्न कोणाच्याच दप्तरात नव्हता. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाले आणि १९६१ साली पारसला ३० मेगावॅटचा संच सुरू झाला. आजच्या मानाने हा आकडा क्षुल्लक वाटेल. त्या वेळच्या वऱ्हाडात तो मोठाच होता. तो संच कधीच मोडीत निघाला. २००८ व २०१० साली सुरू झालेले अडीचशे मेगावॅटचे दोन संच आता तेथे चालतात.

या मंडळाने खेडोपाडी खांब उभे केले, हे त्याचे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु निर्मिती, पारेषण, वितरण आणि शासनाचे राजकारण अशी सारी खाती एकाच जमाखर्चात मिसळलेली असल्याने तोटा नेमका कोठे होतो हे मंडळालाही सांगता येत नसे. न मोजलेली शेतीपंपांची वीज आणि आकडे टाकून चोरलेली वीज ही दोन्ही एकाच रकान्यात सुखाने नांदत असत. त्यातच एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा मामला उद्भवला. १९९३ च्या डिसेंबरात झालेल्या करारान्वये दाभोळची वीज मंडळ उचलो वा न उचलो, स्थिर आकार भरणे त्याच्यावर बंधनकारक होते. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या टिकणारा नाही असे म्हणून अर्थसाहाय्य नाकारले होते, तरी मागणीचे फुगवलेले अंदाज पुढे करून तो रेटण्यात आला. १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंदही पडले. यातला उपरोध असा की, यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत राज्यात हजारो मेगावॅटची तूट पडून विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांना बारा-बारा तासांचे भारनियमन सोसावे लागले. आधी मागणीचा अंदाज अतिशयोक्त ठरला, दशकानंतर तोच अपुरा ठरला. अंदाज चुकणे हा या व्यवसायाचा स्वभावच आहे. दोष चुकलेल्या अंदाजाला वीस वर्षांच्या कराराने जखडून घेण्याचा होता.

पुनर्रचनेची कल्पना याच सुमारास बळावली. चिलीने १९८२ साली आणि इंग्लंडने १९९० साली आपली वीजव्यवस्था तोडून वेगळी केली होती. आपल्याकडे ओरिसाने १९९६ साली पहिले पाऊल टाकले. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग अस्तित्वात आला, २००३ च्या विद्युत् कायद्याने मंडळांचे विभाजन अनिवार्य केले आणि ६ जून २००५ रोजी मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण व त्यांच्यावरची सूत्रधारी कंपनी अशी फाळणी झाली. दर ठरविण्याचा अधिकार मंत्रालयातून निघून आयोगाकडे गेला, हा या सुधारणेचा सर्वांत मोलाचा भाग होय. हिशेब स्वच्छ झाले, गळती कोठे आहे ते दिसू लागले, पारेषणात भांडवल आले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा भारत एकाच गतीने फिरणाऱ्या एका यंत्रात बांधला गेला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही अद्भुत सिद्धी आहे.

तथापि या विभाजनात जोखमीची वाटणी कशी झाली, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. निर्मितिकेंद्र चालण्यास सज्ज असले की त्याला स्थिर आकार मिळतो, मग त्याची वीज कोणी घेवो अथवा न घेवो. पारेषण कंपनीला तिने उभारलेल्या वाहिन्यांवर आयोगाने ठरविलेला परतावा मिळतो. उरली वितरण कंपनी; तिला मात्र शेवटच्या घरातून पैसा वसूल करून मागच्या दोघांची देणी भागवावी लागतात. तेव्हा साहजिकच तिची नजर ज्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीवर, वसुली बरी तेथे कृपेची आणि ज्यावर वाईट तेथे वक्र होते. भारनियमनाच्या काळात फिडरांची तोटा व वसुलीनुसार ‘ए’पासून ‘जी’पर्यंत वर्गवारी केली गेली आणि खालच्या वर्गांना अधिक अंधार मिळाला. थकबाकीदाराला ताळ्यावर आणण्याचा हा उपाय म्हणून त्याचे समर्थन करता येते. पण बिल वेळेवर भरणारा माणूस केवळ शेजाऱ्यांमुळे अंधारात बसला, ही गोष्ट मला तेव्हाही न्याय्य वाटली नाही आणि आजही वाटत नाही. चिखलदऱ्यासारख्या तालुक्यात तर घरे विरळ, वापर थोडा, तार लांब आणि दुरुस्ती दुर्घट. अशा फिडरचा जमाखर्च कोणत्याही ताळेबंदात नफ्याचा निघणे नाही.

विदर्भाची कैफियत याहून जुनी आहे. १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा ग्रामीण विद्युतीकरण आणि कृषिपंपांची जोडणी हा त्यातला एक रकानाच होता, आणि अमरावती विभागाच्या पंपांची बाकी त्यानंतर कित्येक वर्षे अहवालांतून डोकावत राहिली. कोळसा इथला, राख इथली, धूर इथला. नांदगावपेठच्या केंद्राला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी दिले तेव्हा सिंचनाचे पाणी वळवल्याबद्दल शेतकऱ्यांनी केलेले आंदोलनही इथलेच. वीज राष्ट्राच्या जाळ्यात मिसळली की ती कोणाची हे सांगता येत नाही, असे अभियंते म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु खर्च सोसणाऱ्यांची नावे सांगता येतात, हेही तितकेच खरे.

आता नव्या काळाची मागणी दुपारच्या उन्हाशी जोडली जात आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागचा विचार मला विशेष समंजस वाटतो: शेतीचे फिडर वेगळे काढायचे, त्यांच्याजवळच सौर प्रकल्प उभारायचे आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असे वेळापत्रक सोसत अचलपूर-चांदूरबाजारच्या संत्राबागायतदाराने साप-विंचवांच्या आणि रानडुकरांच्या भयात ओलीत केले आहे. त्याचा रात्रीचा हा फेरा चुकला तर तो कोणत्याही मेगावॅटच्या आकड्याहून मोठा लाभ होईल. मात्र सूर्य मावळला की सौरवीज संपते आणि नेमकी त्याच वेळी घरांची मागणी उसळते. ही दरी भरण्याचा एक मार्ग म्हणजे उदंचन जलविद्युत्: दुपारी स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि सायंकाळी खाली सोडून जनित्र फिरवायचे. घाटघर येथे २००८ पासून अडीचशे मेगावॅटचे असे केंद्र चालते. चिखलदऱ्याचे उंच कडे पाहून येथेही अशा प्रकल्पाची कल्पना शासनदरबारी निघालेली आहे. पण हा सारा प्रदेश व्याघ्रप्रकल्पाला खेटून असल्याने ती कागदावरून उतरणे कठीण, आणि अरण्याचे मोल लक्षात घेता ती तेथेच राहिली तरी मला खेद होणार नाही.

अरण्याची अट खांबांनाही लागू आहे. १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या या वनात वाहिनी ओढावयाची तर वन खात्याच्या परवानग्या लागतात, उघडी तार शिकाऱ्यांच्या आकड्यांमुळे वन्य प्राण्यांना घातक ठरते, आणि आच्छादित तार वा भूमिगत केबल महाग पडते. म्हणून अनेक गावांना सौर दिव्यांवर विसंबावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरचे लायसांग गाव जोडले जाऊन देशातले प्रत्येक खेडे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. तिच्यामागच्या व्याख्येनुसार मात्र गावातल्या दहा टक्के घरांत आणि सार्वजनिक ठिकाणी वीज असली की ते गाव विद्युतीकृत ठरते. पिठाची चक्की, पाण्याची मोटर आणि दवाखान्यातला लसींचा फ्रीज दिवसभर चालू शकेल काय, हा प्रश्न त्या व्याख्येत बसत नाही. माझ्या मते वितरण कंपनीचे मूल्यमापन करताना वसुलीबरोबरच तिच्या सर्वांत वाईट दहा टक्के फिडरांवर वर्षाला किती तास पुरवठा झाला, हे छापणे आयोगाने बंधनकारक करावे, आणि तोट्याच्या दुर्गम वाहिन्यांचा खर्च सर्व ग्राहकांच्या दरात उघडपणे वेगळा दाखवावा. तो आज दरांच्या पोटात दडलेला असतो, म्हणूनच तो कापणे सोपे जाते.

हे होण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग त्यावर लेखी हरकती मागवतो आणि मुंबई, पुणे, नागपूर यांजबरोबर अमरावतीलाही जाहीर सुनावणी घेतो. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांनी अशा सुनावण्यांत वर्षानुवर्षे आकडेवारीनिशी बाजू मांडली आहे. मेळघाटची बाजू मात्र तेथे क्वचितच ऐकू येते. हरकत मराठीत देता येते, तिच्यासाठी वकील लागत नाही. चिखलदरा आणि धारणीच्या ग्रामपंचायतींनी गेल्या पावसाळ्यात वीज किती वेळा आणि किती तास गेली याची नोंदवही ठेवून, येत्या सुनावणीत ती आयोगापुढे ठेवावी.