क्राकेनला घाबरलं कोण?

समुद्रातून राक्षसी ऑक्टोपस वर येतो, डोलकाठीला विळखे घालतो आणि बघता बघता अख्खं जहाज तळाशी ओढून नेतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरेबियन’च्या २००६ सालच्या भागानं हे दृश्य जगभर पोचवलं. क्राकेन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. ज्या नॉर्वेच्या किनाऱ्यावर ही गोष्ट वाढली, तिथल्या कोळ्यांनी सांगितलेला क्राकेन मात्र बराच निराळा आहे. त्यांच्या क्राकेनमुळे होड्या मासळीनं भरायच्या.

आधी एक सोपा गोंधळ सोडवून टाकू. क्राकेन ग्रीक पुराणातला नाही. १९८१ सालच्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटात पर्सियस ज्या सागरी राक्षसापासून अँड्रोमेडाला सोडवतो, त्याला क्राकेन हे नाव दिलं. २०१०च्या नव्या आवृत्तीनं ते आणखी रुजवलं. मूळ ग्रीक कथेत तो राक्षस आहे केटोस. नॉर्वेची दंतकथा उचलून ग्रीसमध्ये नेऊन ठेवण्याचं हे काम हॉलिवूडचं.

गैरसमज : क्राकेन व्हायकिंगांच्या काळापासूनचा आहे

तेराव्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेत लिहिलेल्या ‘राजाचा आरसा’ या ग्रंथात हाफगुफा नावाच्या महाकाय माशाचं वर्णन येतं. तो जबडा उघडा ठेवून थांबतो आणि छोटे मासे आपल्या पायानं चालत यावेत तसे त्यात शिरतात. क्राकेन हे नाव तिथे नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३मध्ये दाखवून दिलं, की हे वर्णन काही देवमाशांच्या शिकारीच्या एका पद्धतीशी चांगलंच जुळतं. हे देवमासे पाण्यात उभे राहून तोंड उघडं ठेवतात आणि मासे आसरा समजून आत येतात. म्हणजे हाफगुफा बहुधा देवमासाच. क्राकेनशी त्याची सांगड नंतरच्या लेखकांनी घातली. क्राकेनशी मिळतंजुळतं नाव छापील पुस्तकात दिसतं ते १७००च्या सुमाराला, स्कँडिनेव्हिया फिरून आलेल्या फ्रान्चेस्को नेग्री या इटालियन धर्मगुरूच्या प्रवासवर्णनात.

गैरसमज : नॉर्वेचे कोळी त्याच्या नावानं थरथर कापायचे

क्राकेनची जगभर ख्याती झाली ती एरिक पोंटोपिदान या बर्गनच्या बिशपमुळे. १७५२-५३मध्ये त्यानं नॉर्वेच्या निसर्गाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि त्यात कोळ्यांकडून ऐकलेली हकीकत सविस्तर दिली. ती वाचताना सिनेमातला क्राकेन कुठे भेटतच नाही.

उन्हाळ्यातल्या कडक उन्हाच्या दिवशी कोळी किनाऱ्यापासून काही मैल आत जातात. जिथे ऐंशी-शंभर वाव पाणी असायला हवं, तिथे शिसं बांधलेली दोरी वीस-तीस वावांतच टेकते. आणि कॉड मासा तर एवढा, की गळ टाकायचा अवकाश. मग कोळी ओळखतात, खाली क्राकेन आहे. यावर ते पळून जात नाहीत. वीस-वीस होड्या तिथे जमतात. मासेमारी जोरात चालते, फक्त एकाचं लक्ष सतत दोरीवर असतं. खोली तेवढीच राहिली तर उत्तम. ती कमी होऊ लागली, म्हणजे खालचा प्राणी वर येतोय, तर गळ आवरून वल्ही मारत बाजूला व्हायचं आणि पुन्हा खोल पाणी लागलं की थांबून बघत राहायचं. मग म्हणे त्याची पाठ वर येते. तिचा घेर दीड इंग्रजी मैल, आणि लांबून पाहावं तर छोट्या बेटांचा पुंजका. सिंदबादच्या गोष्टीतलं बेट निघालेला मासा आठवावा असंच हे वर्णन आहे, आणि अशा बेटमाशांच्या कथा युरोपात पोंटोपिदानच्या कितीतरी आधीपासून फिरत होत्या. थोड्या वेळानं क्राकेन खाली जातो आणि तेव्हा उठणारा भोवरा हा खरा धोका.

क्राकेननं धरलं तर मोठी युद्धनौकाही तळाशी जाईल, असं लोक म्हणतात, हेही पोंटोपिदान नोंदवतो. पण प्रत्यक्ष घडलेल्या नुकसानीचं उदाहरण त्याला एकच मिळालं. फ्रेड्रिकस्टाडजवळ दोन कोळ्यांच्या होडीचा पुढचा भाग मोडला, आणि तेही दोघे जीव वाचवून परतले. एरवी मासळी भरपूर मिळाली तर कोळी एकमेकांना म्हणायचे, आज क्राकेनवर मासेमारी केलेली दिसते. रोजच्या पोटापाण्याच्या हिशेबात बसलेला हा प्राणी आहे. यात भीतीपेक्षा सावधगिरी जास्त दिसते, आणि त्या सावधगिरीत थोडा लोभही.

यामागे खरं काय असेल? उथळ भासणारं पाणी आणि अमाप मासे एकत्र येतात ते बहुतेक वेळा दाट थव्यांमुळे किंवा पाण्याखालच्या उंचवट्यांमुळे. त्या मानानं कोळ्यांचं निरीक्षण पक्कं होतं, स्पष्टीकरण तेवढं अवाढव्य.

मग जहाज बुडवणारा राक्षस आला कुठून?

फ्रान्समधून. पिएर दनी द मोंफोर हा मृदुकाय प्राण्यांचा अभ्यासक. १८०१-०२च्या सुमारास आपल्या ग्रंथात त्यानं एक चित्र छापलं. त्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला प्रचंड ऑक्टोपस कवटाळतो आहे. त्याचा आधार म्हणजे सें-मालोच्या प्रार्थनागृहातलं एक नवसाचं चित्र. अंगोलाच्या किनाऱ्यावर संकटातून सुटलेल्या खलाशांनी ते वाहिलं होतं, असं तो सांगतो. पुढे तर त्यानं १७८२मध्ये बुडालेल्या ब्रिटिश युद्धनौकांचं खापरही अशाच ऑक्टोपसांवर फोडलं. त्या नौका अटलांटिकच्या चक्रीवादळात गेल्या होत्या, आणि हे सांगायला वाचलेले लोक हयात होते. मोंफोरची अब्रू गेली, पण चित्र टिकलं. आजवरच्या सगळ्या पोस्टरांवरचा क्राकेन त्याच चित्राची औलाद आहे.

एक विद्वज्जड गैरसमजही एकोणिसाव्या शतकातलाच. आधुनिक वर्गीकरणाचा जनक लिनियस यानं १७३५मध्ये क्राकेनला ‘सेपिया मायक्रोकॉसमस’ नावानं माकुलांच्या जातकुळीत बसवलं होतं, असं अनेक पुस्तकांत सापडतं. त्याच्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या त्या सालच्या पहिल्या आवृत्तीत असली नोंद नाही. लुई फिगिए या फ्रेंच लेखकाची ही चूक, आणि ती दीडशे वर्षं नकलून घेतली जाते आहे.

गैरसमज : क्राकेन म्हणजेच जायंट स्क्विड

हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त फसवं आहे. पोंटोपिदानच्या मते क्राकेन होता गोल आणि चपटा. ताऱ्यामाशाच्या जातीचा असावा, असा त्याचा अंदाज. यात जायंट स्क्विडसारखं माकूल कुठेच नाही. पण त्यानंच आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. १६८०मध्ये आल्स्टाहाउगजवळ एक ‘तरुण क्राकेन’ खडकांत अडकून मेला आणि त्याच्या दुर्गंधीनं लोक हैराण झाले. किनाऱ्याला लागलेले असे मृतदेह जायंट स्क्विडचे असू शकतात. डेन्मार्कमधले प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप यांनी १८५७मध्ये अशाच किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याच्या चोचीवरून जायंट स्क्विडला आर्किट्युथिस हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा दंतकथेतला एक धागा विज्ञानाच्या हाती लागला. एकच धागा, अख्खी दंतकथा नव्हे.

या प्राण्याच्या आकाराबद्दलही हात आखडता घ्यायला हवा. अठरा-वीस मीटरचे आकडे वाचायला मिळतात. त्यांतले बरेचसे पावलांनी मोजलेले किंवा ताणून मोजलेले आहेत, कारण त्याची दोन लांब शुंडकं रबरासारखी ताणली जातात. नीट मोजलेल्या माद्या शुंडकांसह बारा-तेरा मीटरच्या आसपास थांबतात. धड फार तर सव्वादोन मीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आत. वजनाचा मान अंटार्क्टिकाजवळच्या कोलोसल स्क्विडकडे जातो. २००७मध्ये रॉस समुद्रात सापडलेली मादी ४९५ किलोची होती. ती वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.

जहाजावर हल्ला? हा प्राणी शेकडो मीटर खोल, काळोखात राहतो आणि पृष्ठभागावर दिसतो तेव्हा बहुधा मरायला टेकलेला असतो. १८६१मध्ये टेनेरिफजवळ ‘आलेक्ताँ’ या फ्रेंच जहाजाला तो भेटला, तेव्हा हल्ला जहाजानंच केला. गोळ्या झाडल्या, भाला मारला, हाती शेपटीचा तुकडा आला. कादंबरीकार ज्यूल व्हर्नला या बातमीनं चांगलं खाद्य पुरवलं. एखादा स्क्विड जहाजाला चिकटतो, हे मात्र खोटं नाही. २००३मध्ये मदेइराजवळ ‘जेरोनिमो’ या शर्यतीच्या नौकेला एक चिकटला होता आणि नौका थांबवताच सुटून गेला.

जिवंत जायंट स्क्विडचं त्याच्या घरातलं पहिलं छायाचित्र जपानच्या त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी यांनी २००४मध्ये ओगासावारा बेटांजवळ काढलं, सुमारे ९०० मीटर खोलीवर. आमिष बघून तो चांगलाच तुटून पडला होता. आळशी, तरंगत राहणारा प्राणी हा तोपर्यंतचा विद्वानांचा समजही तेव्हा निकालात निघाला. कोलोसल स्क्विडला त्याच्या घरात कॅमेऱ्यात पकडायला २०२५चा मार्च उजाडला. दक्षिण सँडविच बेटांजवळ दिसलेलं ते पिल्लू होतं जेमतेम ३० सेंटिमीटरचं.

आणि मासळीप्रेमी मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न. एवढं मोठं माकूल, म्हणजे किती जणांचं कालवण? एकाचंही नाही. खोल पाण्यात तरंगत राहता यावं म्हणून त्याच्या स्नायूंत अमोनियम क्लोराइड साठलेलं असतं. अमेरिकी संशोधक क्लाइड रोपर यांनी शिजवून चाखून पाहिलं, चव कडू आणि अमोनियाची. स्पर्म व्हेल तो आवडीनं खातात, त्यांचं त्यांना लखलाभ.