जीपची पडवी

विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत फिरणाऱ्या आमच्या गटाकडे एक जुनी जीप आहे. तिच्या टपावरच्या कॅरिअरला डाव्या अंगाने आम्ही गुंडाळता येणारे कापडी छत बसवून घेतले आहे. रुंदी अडीच मीटर. ते दोन मीटर बाहेर ओढायचे आणि दोन पाय खाली सोडायचे, की घराला पडवी असावी तशी गाडीला पडवी होते. बाजारात याला ऑनिंग म्हणतात. माळावर झाड नसते तिथे याच्यासारखे सुख नाही.

२०२२ च्या मे महिन्यात हे छत उलटले. दुपारची साडेतीनची वेळ, पुरंदर तालुक्यातले एक माळरान. छताखाली आम्ही चौघे आणि पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. पूर्वेला ढग दाटले होते, पण वारा पश्चिमेचाच होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एकाएकी पूर्वेकडून गार वाऱ्याचा झोत आला. छत उचलले गेले, टपावर उलटे पडले आणि त्याला लोंबणारा ॲल्युमिनियमचा पाय एका विद्यार्थिनीच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. छताला दोर ताणून बांधायचे मी 'अर्ध्या तासाचे तर काम आहे' म्हणून टाळले होते. पुढचे गणित मी त्या रात्री केले. ते छत बसवतानाच करायला हवे होते.

वारा अडवला की दाब निर्माण होतो. हा दाब म्हणजे हवेच्या घनतेची निम्मी गुणिले वेगाचा वर्ग. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम, म्हणून वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला तर दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, इतके न्यूटन दर चौरस मीटरवर. आमच्या छताचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. वारा ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल तर दाब ६० आणि एकूण बल ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतके. आता वेग दुप्पट करा, ताशी ७२ किलोमीटर. बल दुप्पट नव्हे, चौपट होते: १२०० न्यूटन, सुमारे १२० किलो! छताचे स्वतःचे वजन मात्र दहा-बारा किलोच असते. सकाळभर निमूट राहिलेले छत दुपारी पाखरासारखे उडते ते या वर्गामुळे.

यात आणखी एक गोष्ट आहे. वारा छताच्या उघड्या बाजूने आत शिरला की गाडीचे अंग भिंतीसारखे आडवे येते. हवा कोंडते, खालून दाब वाढतो, आणि वरून वेगाने जाणारा वारा छताला वर ओढतो. वारा गाडीच्या पाठीमागून आला तर गाडीच आडोसा होते. हा फरक वर्गात सहज दाखवता येतो. खडूच्या खोक्याच्या वरच्या कडेला पोस्टकार्डाची एक बाजू चिकटवा, दुसऱ्या बाजूखाली दोन काड्या उभ्या टेकवा आणि टेबलपंखा लावा. एकदा पंखा उघड्या बाजूला ठेवा, एकदा खोक्याच्या मागे. पंखा किती जवळ आणला की कार्ड उलटते ते दोन्ही वेळा पट्टीने मोजून लिहायला सांगा.

मग पूर्वेचा तो झोत आला कुठून? वळवाच्या ढगातून पडणारे पाणी खालच्या कोरड्या हवेत अंशतः वाफ होऊन जाते. त्यामुळे तिथली हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चहूबाजूंना पसरते. पाण्याची घागर फरशीवर ओतावी तसेच. म्हणून पावसाचा थेंब पडण्यापूर्वीच गार वारा येतो, आणि त्याची दिशा ढग कुठे आहे यावर ठरते, दिवसभराच्या वाऱ्यावर नाही. गार झुळूक अंगाला लागल्यावर छत आवरायला घेतले तर उशीर झालेला असतो. ढग दिसतानाच आवरावे. गडगडाट ऐकू आला तर धातूचे पाय धरून उभे राहू नये; पत्र्याच्या बंद गाडीत काचा वर करून बसावे. ताडपत्रीच्या जीपला मात्र हे लागू नाही, तिथे पक्के घर गाठावे.

दोरांबद्दल. छतावरच्या एकूण बलापैकी साधारण निम्मे गाडीकडच्या कडेवर येते आणि निम्मे बाहेरच्या दोन कोपऱ्यांवर. जमीन मऊ असेल तर खुंट्या ठोकाव्यात, डोके छतापासून बाहेर कलते ठेवून. आमच्याकडे मुरूम आणि खडक, खुंटी शिरतच नाही. म्हणून आम्ही दोन्ही कोपऱ्यांना पाण्याने भरलेला वीस लिटरचा एकेक कॅन बांधतो. दोन कॅन म्हणजे ४० किलो. गणित उलटे केले तर ताशी ५५-६० किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत ते पुरतात असे निघते. हवा कोंडली तर त्याच्या बरेच आधी हरतात. कॅन सरळ खाली लोंबता बांधावा. तिरका दोर त्याला नुसता फरफटत नेतो. दोर कोणता हेही बघा: सुती दोर भिजला की आखडतो, नायलॉनचा सैल पडतो. संध्याकाळी ताठ असलेला नायलॉनचा दोर पावसानंतर पुन्हा ओढून घ्यावा लागतो.

गाडी उभी कशी करायची? आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून छत डावीकडेच हवे, रहदारीपासून दूर. दुपारनंतर ऊन पश्चिमेचे, सावली पूर्वेला. तेव्हा गाडीचे तोंड दक्षिणेला केले की डावे अंग पूर्वेला येते आणि गाडीची सावलीही छताच्या सावलीला जोडली जाते. सकाळी तोंड उत्तरेला. डिसेंबरात पुण्याला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो; दोन मीटर उंचीच्या छताची सावली जवळपास तेवढीच उत्तरेला सरकते. तेव्हा तोंड पूर्वेला. मेच्या मध्याला मात्र सूर्य पुण्याच्या डोक्यावर येतो, तेव्हा तोंड कुठेही असो. मुलांना या दिशा पाठ करायला लावू नका, काड्यापेटी आणि विजेरी द्या.

बसवण्याचे काम तसे सोपे आहे, पण गॅरेजवाल्यावर सोडून चहाला जाऊ नये. टपाच्या पत्र्याला भोके पाडून छत लावू देऊ नका. पत्रा वाकतो आणि पाणी झिरपते. कॅरिअरला 'एल' आकाराच्या जाड लोखंडी पट्ट्या लावून त्यांवर छताची नळी बसवावी. पट्ट्या अगदी टोकांना नकोत, टोकापासून अर्धा मीटर आत असल्या की नळी कमी लवते. साधे नट खडबडीत रस्त्यावर सुटतात, आत नायलॉनची कडी असलेले वापरावेत आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. कोकणात फिरायचे असेल तर ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. खाऱ्या दमट हवेत या दोन धातूंचा जणू विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. टपावर किती वजन चालते ते गाडीच्या पुस्तिकेत असते. त्यात कॅरिअर, छत, सामान सगळे धरायचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतलेले बरे.

पावसात छत सपाट ठेवू नये. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. अर्ध्या छतावरचा २० मिलिमीटर पाऊस मध्ये साचला तर ५० किलो होतो. कापड जितके खाली झुकते तितके आणखी पाणी तिकडे धावते, आणि ते आपोआप थांबत नाही. बाहेरचा एक पाय वीतभर खाली करावा, पाणी त्या कोपऱ्यातून वाहून जाते. आम्ही तिथे बादली ठेवतो, हात धुवायला होते.

ओले छत गुंडाळून आणले तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवावे. आम्ही ते प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात टाकतो. सुती कॅनव्हास असेल तर दोन-तीन दिवसांतच त्यावर काळी बुरशी धरते, आणि ते डाग मग काही केल्या जात नाहीत.