चाळीस मिलिमीटरच्या आसातली करणी

गेल्या दशकात मालवणच्या ट्रॉलरवर नव्या बनावटीची जाळी दिसू लागली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील प्रकल्पाने ती आणली. मासळी साठते त्या शेवटच्या खोळीला शंकरपाळीच्या आकाराच्या आसांऐवजी (जाळ्याच्या भोकांऐवजी) चौकोनी आस, माप ४० मिलिमीटर. पुढे राज्य सरकारनेही ट्रॉलरना तेच सक्तीचे केले. हेतू एवढाच, की पिल्ले निसटावीत.

हे ४० मिमीचे माप आस पूर्ण ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये मोजतात. म्हणजे एक बाजू २० मिमी. दोरा दोन्ही आकारांत तेवढाच. फरक पडतो तो जाळे ओढताना. शंकरपाळी मिटते, चौकोन उघडा राहतो.

चौकोनी आसाचा कर्ण √८००. आठशेत ४०० हा पूर्ण वर्ग दडलेला आहे. त्याचे मूळ बाहेर काढले की उरतात २०√२, म्हणजे सुमारे २८.३ मिमी. आता समजा, मिटणाऱ्या आसाचा कोन ३० अंशांवर आला. क्षेत्रफळ ४०० चौरस मिमीवरून थेट २०० वर येते आणि लांब कर्ण १०(√६+√२) होतो. समभुज चौकोनाच्या कर्णांचा गुणाकार क्षेत्रफळाच्या दुप्पट, इथे ४००. म्हणून आखूड कर्ण = ४०/(√६+√२).

छेदात दोन करण्या, म्हणजे पूर्ण न सुटणारी दोन मुळे! त्या छेदातून घालवायच्या, म्हणजेच छेदाचे परिमेयीकरण करायचे. अंश आणि छेद दोन्हींना √६−√२ या अनुबद्ध करणीने गुणा. छेद ६−२, म्हणजे ४ होतो आणि उत्तर १०(√६−√२), सुमारे १०.३५ मिमी. पिल्लाला वाट किती उरली, ते २८ आणि १० या आकड्यांवरूनच कळते.

ही युक्ती भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त आहे. भाजकातल्या एका करणीचे चिन्ह बदला, त्याने भाज्य-भाजक दोन्ही गुणा आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हेच करत राहा. हाताने भागाकार करणाऱ्यांना लांबलचक दशांशाने भागण्यापेक्षा चाराने भागणे केव्हाही परवडते.

पण छेदात करणी राहिली म्हणजे उत्तर चुकले, असे मुळीच नाही. √६ साठी २.४५ आणि √२ साठी १.४१ घेऊन पाहा. परिमेयीकरण केलेल्या रूपातून येतात १०.४, मूळ रूपातून, ४० भागिले ३.८६, म्हणजे १०.३६. खरी किंमत १०.३५३. वजाबाकीत संख्या लहान होते, मुळातली चूक मात्र होत नाही. त्यामुळेच संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे कधी कधी उलटे करतात, करणी मुद्दाम छेदात नेतात.

कॅल्क्युलेटर हाती असेल तर परिमेयीकरण ही निव्वळ सोय आहे, नियम नव्हे. नववीच्या मुलांनी मात्र पेपरात ते करूनच यावे. गुण त्याचेच आहेत.